डाव्या हाताच्या बांगड्या

"अहो, आजच्या दिवस भरा की डावा हात," म्हणत शिवकांतानं नवऱ्यापुढं पाट ओढला आणि मनगट पुढं केलं.

ईश्वरप्पाच्या हातातल्या हिरव्या बांगड्या हातातच राहिल्या. औशाच्या बाजारात त्याचं बांगड्यांचं दुकान. पंचक्रोशीतल्या लेकीबाळींचे हात भरणारा हा माणूस, आणि घरच्या लक्ष्मीचा डावा हात दोन वर्षं मोकळा! त्या मनगटात लातूरच्या डॉक्टरांनी शिरा जोडून डायलिसिसच्या सुयांसाठी वाट केली होती. उजव्या हातातली आधीच बंद पडलेली. या हाताला घड्याळ नाही, बांगडी नाही, ओझं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. कातड्याखाली रक्त घरघरत असे. रोज दुकान उघडण्याआधी ईश्वरप्पा तिथं बोट टेकवी आणि म्हणे, "चालू हाय दळण." ती हसे.

"डॉक्टरनं काय सांगितलंय, इसरलीस?"

"न्हाई इसरले. पण लेकीची हळद हाय आज. समद्या बाया माझ्या हाताकडंच बघायल्यात. महादेवी वन्सं म्हणल्या, नवरा जित्ता असून असला हात पोरीला लावू नगस. मला माझ्या हातानं हळद लावायची हाय ओ."

त्याला नाही म्हणवेना. तिची बोटं गोळा करून, अंगठा दाबून त्यानं बांगड्या चढवल्या. हाताची सवय ती! मनगटाशी नेमक्या बसतील अशाच त्यानं निवडल्या. शिवकांता हात हलवून किणकिण ऐकत राहिली. किती दिवसांनी ती अशी हसली होती!

हळद लागली की लगेच काढायच्या, असं ठरलं होतं. पण त्या उन्हाळ्यात लातूरलाही रेल्वेनं पाणी येत होतं, मग औशाची काय कथा? पाहुण्यांसाठी टँकरमागं पळता पळता ईश्वरप्पा विसरला. ती दमून त्याच हातावर डोकं ठेवून झोपली.

सकाळी हात सुजला होता. त्यानं बोट टेकवलं. जरा सरकवून पुन्हा टेकवलं.

"चालू हाय का?" तिनं विचारलं.

त्यानं बांगड्या घाईघाईनं वाढवल्या, पण थांबलेलं दळण थांबलेलंच राहिलं.

लेकीच्या डोक्यावर अक्षता पडल्या तेव्हा दोघं लातूरच्या दवाखान्यात होती. डॉक्टरांनी शीर उघडून पाहिली, उपयोग झाला नाही. मानेत नळी घालून डायलिसिस चालवलं, मग त्या नळीतूनच ताप शिरला. ईश्वरप्पा उशाशी बसून स्वतःला बोल लावी.

"मीच मागितल्या ना? उगी रडू नगा," ती तापातही म्हणाली. "पोरीला हळद लावली बघा मी."

पुढल्या सोमवारी ती गेली.

घरी आणल्यावर बायांनी सवाष्णीसाठी हिरव्या बांगड्या मागितल्या. ईश्वरप्पा म्हणाला, "मी भरतो." उजवा हात भरला. डाव्यावर आधी बोट टेकवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मग त्यानं जवळच्या बांगड्या बाजूला सारल्या आणि दुकानातून मोठ्या मापाच्या आणल्या.

लेक हुंदके देत म्हणाली, "अप्पा, लई सैल हायत ह्या. गळून पडतील."

"असू दे बाई," तो म्हणाला. "त्या हाताला ताण नगं."