घर झाडायचं कधी?

“कोकिळा, तुमच्यात माणूस होडीवर गेला की घर कधी झाडतात?”

रेवदंड्याच्या किनाऱ्यावर कोकिळा बोंबील वाळत घालत होती. हात न थांबवता म्हणाली, “बाई, शाळा सुटली तुमची, आता झाडूचं शिकवता व्हय? होडी दिसंनाशी झाली की झाडतो. तवर न्हाय.”

“आणि होडी वर्षभर परत आलीच नाही तर?”

“असं अभद्र नका बोलू.”

मला नेमकं त्या अभद्राचंच उत्तर हवं होतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी चौल बंदर गाजत होतं त्या काळातली कादंबरी लिहितेय. नायिका एका नाखव्याची बायको, नवरा गलबत घेऊन इराणकडच्या होरमुज बंदराला गेलेला. पुस्तकं वाचून वाचून माझे डोळे गेले. घोड्यांवर जकात किती, कापड कुठलं, सगळं सापडतं. मागं राहिलेल्या बाईनं दिवस कसे काढले हे लिहायला मात्र कुणाला सवड झाली नाही.

आमच्याकडं माणूस प्रवासाला निघाला की लगेच केर काढत नाहीत. तो सुखरूप पोचल्याचं कळेपर्यंत थांबतात. आमचे हे कुवेतला निघाले की फोन येईपर्यंत मी झाडूला शिवत नसे. पण फोनच नव्हता, त्या बाईनं काय करायचं? कादंबरी तिथंच अडून बसली होती.

घरी आले तर हे स्वयंपाकघरात उभे.

“अगो, चमचे कुठं ठेवतेस तू?”

कायमचे परत आल्यापासून रोज हाच प्रश्न. आधी सुट्टीला यायचे तेव्हा सगळं हातात मिळायचं, पाहुण्यासारखं. मला वाटलेलं, आता उरलेले दिवस तरी जोडीनं काढू. त्याच आशेवर तर इतकी वर्षं रेटली होती.

जेवताना म्हणाले, “शारिकचा फोन होता. कुवेतच्या दुकानावर भरवशाचा माणूस हवाय त्याला. जाऊ म्हणतो.”

शारिक त्यांचा पुतण्या.

“तुम्ही कायमचे आलात ना?”

“आलो होतो. पण करमत नाही, अमिरुन. तुझं सगळं नीट लागलेलं आहे. मी उगाच मधे येऊन बसल्यासारखा वाटतो.”

हे खरं होतं, म्हणून जास्तच राग आला.

“मग मी कुणासाठी थांबले होते?”

“मी तरी तिथं कुणासाठी होतो?” म्हणाले. मी आमटी वाढली.

निघाले त्या सकाळी मुलीनं, आफरानं, पुण्याहून फोनवर रडून घेतलं. मला रडूही आलं नाही, इतका कंटाळा आला होता. दारात रिक्षा आली. “खुदा हाफिज. पोचलो की फोन करतो,” म्हणाले. नेहमीसारखंच.

ओटीवर सुतळीचे तुकडे, चिकटपट्टी, त्यांच्या बुटांची वाळू. मी झाडू उचलला.

कोकिळा मासळीची पाटी घेऊन येत होती. कुंपणापाशीच थबकली. “अवो बाई, रिक्षा अजून वळणावर हाय. थांबा की जरा.”

“थांबले गं,” मी म्हटलं. “पुष्कळ थांबले.”

आतल्या खोलीपासून दारापर्यंत सगळं घर झाडलं. हात धुतले आणि लिहायला बसले. नाखव्याच्या बायकोनं झाडू हातात घेतला, तेव्हा गलबत अजून खाडीच्या तोंडाशी दिसत होतं.