सोनखताची वाफ

उकंडरावांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून जन्मताच आईनं त्यांना उकिरड्यावर लोळवून हे नाव ठेवलं होतं. पुढं ते म्युनिसिपालटीचे मेंबर झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत नागपूरच्या प्रांत सरकारचा हुकूम आला, की गावचा मैला आणि कचरा कुजवून सोनखत करा आणि शेतकऱ्यांना वाटा. तेव्हा सगळ्या मेंबरांच्या नजरा आपोआप त्यांच्याकडं वळल्या.

उकंडरावांनी काम मनावर घेतलं. गावाबाहेर खड्डे खणवले. कचऱ्याचा थर, मैल्याचा थर, वरून माती. आत अशी धग धरायची, की खुपसलेली पहार हाताला चटका देई. त्या धगीनं रोगाचे जंतू मरतात, हे ते भेटेल त्याला सांगत सुटले. पावसाळा सरता सरता पहिल्या खड्ड्यातलं खत निघालं, काळंभोर, भुसभुशीत, वास निव्वळ मातीचा. त्याचा ढीग लागला, पण फुकटसुद्धा कुणी नेईना. सोजराबाईंनी तर नवऱ्याला जेवताना त्याचं नावही काढू दिलं नाही.

मग थंडी पडली. सोनाळ्याच्या बाजाराला निघालेल्या बायांना सकाळी शेजारच्या खड्ड्यातून वाफा निघताना दिसल्या. दुपारी तिथं शेंदूर फासलेला दगड आला, संध्याकाळी नारळ फुटला. खताचा ढीग हा देवीचा अंगारा ठरला, आणि तो उचलायला गेलेल्या गड्यांना लोकांनी हाकलून लावलं. आधी विटाळ म्हणून कुणी हात लावत नव्हतं, आता पावित्र्य म्हणून.

उकंडराव गर्दीसमोर उभे राहिले. "बाप्पाहो, देवी-गिवी काही नाही. तुमचाच मैला हाय तो."

"मोठ्या माणसानं असं बोलू नये," म्हातारी तानुबाई शांतपणे म्हणाली. तिनं ढिगातली चिमूट घेतली आणि कडेवरच्या नातवाच्या कपाळाकडं नेली.

उकंडराव झटकन पुढं झाले. खत वावरासाठी निर्धोक होतं, लेकराच्या कपाळासाठी नव्हे. त्यांनी तिचं मनगट धरलं. खरं सांगून तर झालंच होतं.

"कपाळाले नाही. वावराले," ते म्हणाले. "देवीनं सांगतलं."

"तुमाले सांगतलं?"

"मले नाही त कोणाले? या खात्याचा मेंबर मी हाय."

हे सगळ्यांना पटलं.

"वावराले चिमूटभर पुरते?" तानुबाईनं विचारलं.

"गाडीभर लागते. अन् हात धुतल्याबिगर जेवाचं नाही."

दुसऱ्या दिवशी बैलगाड्यांची रांग लागली. रांगेत रहेमतुल्ला बागवानही होता. त्यानं उकंडरावांना बाजूला घेतलं.

"आमच्यात देवी चालत नाही, उकंडराव. खरं सांगा, मैलाच हाय ना?"

"हाव. मैलाच."

"मंग दोन गाड्या द्या. वांगे लावून राह्यलो."

ढीग संपला. तळाशी उरलेलं टोपलंभर खत उकंडरावांनी घरी आणलं. सोजराबाईंनी ते लांबूनच पाहिलं.

"देवीचं हाय म्हणते लोक."

बायकोशी खोटं बोलणं त्यांना जमेना. "मैल्याचं हाय."

त्यांची नजर अंगणातल्या तुळशीवरून परसातल्या कढीपत्त्याच्या झाडाकडं गेली.

"तुळशीले नको," शेवटी म्हणाल्या. "गोडनिंबाले टाका."