घाटात बंद काचा

इराणमधल्या असदाबादच्या घाटात ट्रक आडवा झाला आणि मागे गाड्यांची रांग बर्फात रुतून बसली. दुपारचीच वेळ, पण काचांबाहेर पांढऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं. गुलनूश मागच्या सीटवर तान्ह्या परनियाला कवटाळून बसली होती. पुढे सासूबाई, तलअत खानुम. स्टिअरिंगवर नवरा, सियामक. पेट्रोल पुरवायचं म्हणून त्याने इंजिन बंद ठेवलं होतं.

"पुढे किती वेळ लागेल ते विचारून येतो," तो म्हणाला. "येताना सायलेन्सरवरचा बर्फही काढतो."

"गाड्या सोडून लांब जाऊ नकोस," गुलनूश म्हणाली. " वादळात दोन पावलांवरची गाडी दिसत नाही."

"बरं, इन्स्पेक्टरसाहेब. आणि तू उगाच आईला घाबरवू नकोस." सवयीने किल्ली खिशात टाकून तो उतरला.

तो दिसेनासा झाला तशी तलअत खानुमनी पायाशी ठेवलेली गॅसची छोटी शेगडी पुढे ओढली. प्रवासाला निघताना एक वेळ मीठ विसरतील, पण शेगडी आणि किटली नाही. काडी ओढली.

"मादरजान, गाडीत नको. काचा बंद आहेत."

"माझ्या डोळ्यांवर, बाळा, तू म्हणशील तसं," खानुम गोड आवाजात म्हणाल्या आणि आच वाढवली.

"निदान तुमचं दार जरा उघडा."

"आणि पोरीच्या छातीत वारं भरलं तर? तू पुस्तकं वाचून आई झालीस, मी चार वाढवून. दोन घोट चहा पोटात गेला की तुझीही भीती पळेल."

गुलनूशने बटण दाबलं. किल्लीशिवाय काच हलली नाही. मागची दारं आतून उघडत नव्हती. परनिया मोठी झाली की खेळता खेळता उघडेल, म्हणून हे कुलूप तिनेच आधीपासून हट्टाने लावून घेतलं होतं.

ऊब बरी वाटत होती, तेच वाईट होतं. काचा धुक्याने भरल्या. निळी ज्योत पिवळी पडत चालली. खानुम सियामकच्या लहानपणीचं काहीतरी सांगत होत्या. मधेच शब्द जड झाले, मग थांबले. त्यांची मान खिडकीकडे कलली. गुलनूशच्या कपाळात घण बसू लागले. तिने परनियाच्या टाचेला चिमटा काढला. पोर नुसतंच उसासलं. डोळे उघडले नाहीत.

सासरी आल्यापासून सासूला तिने उलट उत्तर दिलं नव्हतं. आता शेगडी विझवायला त्यांच्या अंगावरून हात घालायचा? झोप लागली असेल नुसती. आपण नेहमीच जास्त घाबरतो, सगळेच म्हणतात. एवढं मनात येईपर्यंत तिचीही मान खाली जाऊ लागली, आणि त्यानेच ती दचकली.

परनियाला सीटवर ठेवून तिने दोन सीटच्या मधून अंग रेटलं. शेगडीची चावी पिळली. सियामकच्या बाजूचं दार बाहेरच्या बर्फाने दाबून धरलेलं. तिने पाठ लावून पायांनी ते रेटलं. गार वारा तोंडावर आदळला. शेगडी, किटली, सगळं बाहेर फेकलं. पोरीला ओढून घेऊन तिचं तोंड दाराशी धरलं, आणि दुसऱ्या हाताने खानुमच्या गालावर चापट मारली.

"ऊठ. तलअत, ऊठ."

दुसरी चापट जोरात बसली. खानुमनी डोळे उघडले.

"मला मारलंस तू?"

"हो. आधी श्वास घ्या."

खानुमनी काही बोलायला तोंड उघडलं, पण कसंबसं आपलं दार ढकलून त्या बर्फात ओकल्या.

तेवढ्यात सियामक धापा टाकत आला. "दोन्ही दारं उघडी? वेड लागलंय का तुला? पोर गारठेल." त्याने दार लोटलं.

गुलनूशने मधे पाय घातला. "पोर उठत नव्हती, सियामक. आई पण. हात काढ."

त्याने आईकडे पाहिलं, ओठांवरून शाल ओढणाऱ्या तिच्या हाताकडे पाहिलं, आणि दार सोडलं.

तेव्हा परनिया रडायला लागली. आधी बारीक, मग लालेलाल होऊन, अख्ख्या घाटाला ऐकू जाईल अशी.

"गप्प कर तिला," डोकं धरून खानुम पुटपुटल्या. "घसा बसेल पोरीचा."

गुलनूशने पोरीला अंगरख्यात घेतलं, पण गप्प केलं नाही.