मयतीहून थेट घरी जायचं नसतं

आमच्याकडे मयतीहून थेट घरी जात नाहीत. वाटेत कुठेतरी थांबायचं, चार माणसांत मिसळायचं, काहीबाही खायचं. गेलेलं माणूस मागोमाग आलेलं असतं, ते तिथेच रेंगाळतं आणि आपण सुटतो. थेट गेलं तर ते उंबऱ्याच्या आत येतं आणि ज्याच्यावर त्याचा जास्त जीव, त्यालाही घेऊन जातं.

म्हणून लेकीला पुरून आम्ही नवरा-बायको मनिला बघायला निघालो.

जोव्हेलिन इथे शिवणाच्या कारखान्यात होती. फोनवर दर वेळी म्हणायची, "आई, एकदा या ना दोघं, सगळं मनिला दाखवते." आम्हाला नारळाच्या बागेतून सवड कुठे! आता सवडच सवड. तिला तिच्या आधीच गेलेल्या नवऱ्याशेजारी पुरलं आणि माझा नवरा बेर्तिंग म्हणाला, "चल, आधी लुनेटा बाग बघू."

"तूच बघ. मी बस गाठते."

"वेडी आहेस का, इसिंग? घरी लिगाया आहे."

लिगाया ही जोव्हेलिनची पोर. शेजारणीकडे ठेवून आलो होतो. मला काय कळत नव्हतं? पण माझी लेक माझ्या मागे येत असेल, तर तिला वाटेत टाकायचं?

"मांजराचं पिल्लू आहे का ती, गोणीत घालून पुलापलीकडे सोडायला?" भर बागेत मी त्याला सुनावलं. तो कानात बोळे घातल्यासारखा पुतळा बघत राहिला.

मग जुन्या कोटापाशी त्याने घोडागाडी ठरवली. मी मुद्दाम कडेला सरकून बसले, मध्ये जागा ठेवून. त्याने ती जागा पाहिली.

"सरक इकडे," म्हणाला, पण स्वतःही सरकला नाही.

गाडीवान मोठा बोलघेवडा. चर्च दाखव, तोफा दाखव. मध्येच मागे वळून म्हणाला, "लग्नाचा वाढदिवस वाटतं?"

"हो," बेर्तिंग म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढा दगड कसा असू शकतो माणूस!

नंतर एका दुकानात बर्फाचं गोड खाणं मागवलं. दोघांच्या पेल्यांत बर्फाचं पाणी झालं, कुणी चमचा लावला नाही. तिथून चिनी वस्ती, तिथून मासळीबाजार, तिथून समुद्राचा कट्टा. दुपारची बस गेली, तिच्या मागची गेली. माझे पाय सुजले होते.

"अजून किती वणवण करायला लावणार आहेस? एका जागी थांबलं तरी पुरतं म्हणतात."

तो खाली बघत म्हणाला, "आपण फिरतोय तोवर ती आपल्याबरोबर आहे."

दिवसभर ज्याला दगड म्हणाले, त्याच्या खांद्याला खांदा लावून बसून राहिले.

तेवढ्यात शेजारणीचा फोन आला. लिगाया होती. "आजी, आई येतेय ना तुमच्याबरोबर?"

दिवसभर मला हेच तर हवं होतं. 'हो' अगदी ओठावर आलं होतं, पण जोव्हेलिनचा सगळ्यात जास्त जीव या पोरीवरच.

"नाही गं सोन्या," मी म्हटलं. "आई इथेच राहणार."

आम्ही उठलो. आमच्याकडे परक्या जागेहून निघताना लहान मुलाला नाव घेऊन हाक मारतात, 'चल गं, घरी जाऊ.' नाहीतर पोराचा जीव तिथेच मागे राहतो. जोव्हेलिनला जत्रेतून आणताना, नदीवरून आणताना, दर वेळी बेर्तिंगच हाक मारायचा. आताही तो चालता चालता थांबला आणि समुद्राकडे वळला.

"जोव्हे..."

मी त्याच्या तोंडावर हात दाबला. तो हात सोडवायला बघत होता, हुंदके देत होता, माझी बोटं त्याच्या आसवांनी ओली झाली. लोक थांबून बघायला लागले. त्याला तसंच ओढत थांब्यावर नेलं; बसचं दार बंद होईपर्यंत मी हात काढला नाही.