अर्ध्या ओळींची डबी

मी वचनांची डबी बोलतेय. दचकू नका. साबणाच्या वडीएवढी सागवानी डबी, झाकणाला पितळी बिजागरी, आत एक चिमुकला चिमटा आणि पोटात दोनशे सुरळ्या. एवढं सगळं पोटात ठेवून गप्प बसणं सोपं नसतं हो. आज जरा मन मोकळं करते.

माझा जन्म विठ्ठलवाडीचा. देवराम मिस्त्रींनी कुणाच्या तरी लग्नाचं कपाट केलं, त्यातल्या उरलेल्या तुकड्यातून मला घडवलं. कपाट व्हायचं नशिबात नव्हतं, डबी झाले. त्यांच्या बायकोने, हेमाबाईंनी, बोटभर रुंद कागदांवर निळ्या शाईने शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, वचनं लिहिली. वचनं म्हणजे देवाने माणसाला दिलेले शब्द. मग एकेक कागद गुंडाळून सुरळी केली आणि मला काठोकाठ भरलं.

आमच्याकडे रीत अशी, की एक जानेवारीला चर्चहून आलं की सगळ्यांनी माझ्याभोवती बसायचं. डोळे मिटून चिमट्याने एकच सुरळी काढायची आणि मोठ्याने वाचायची. तेच त्याचं वर्षभराचं वचन. नावडतं निघालं म्हणून दुसरं काढायला गेलात तर हेमाबाई हातावर चापट मारायच्या. म्हणायच्या, "एकच! देवाशी घासाघीस नाही."

बाकी वर्षभर मी शोकेसमध्ये पेंगत असायची. दुपारचं ऊन काचेतून अंगावर आलं की सागाचा जुना वास सुटायचा आणि सुरळ्या आपापसात कुजबुजायला लागायच्या. गंमत म्हणजे प्रत्येकीचं वाक्य अर्धंच असायचं. एक म्हणायची, "म्हणून भिऊ नकोस." दुसरी विचारायची, "म्हणून म्हणजे कशामुळे गं?" पहिलीला काही आठवायचं नाही. मला वाटायचं, झोपेत ऐकतेय, म्हणून अर्धवट ऐकू येत असेल.

या घरची एकुलती एक लेक सुवार्ता. नावाचा अर्थ चांगली बातमी, पण स्वभावाने अशी लाजरी, की बातमी बाहेर फुटायची नाही. बारावीनंतर तिला ठाण्याच्या कॉलेजात बीएस्सीला प्रवेश मिळाला. पहिल्या दिवशी हेमाबाईंनी मला रुमालात गुंडाळून तिच्या सॅकमध्ये घातलं. "एकटं वाटलं तर उघड," म्हणाल्या.

मी सॅकच्या चेनच्या फटीतून कॉलेज बघितलं. बाई बाई, काय ती गर्दी! घरी जेवणाआधी हात जोडून प्रार्थना करणारी आमची पोर कँटीनमध्ये मात्र डोळ्यात कचरा गेल्यासारखं करायची. एक बोट पापणीवर, डोकं खाली, दोन सेकंदांत आमेन आणि लगेच पोळीचा तुकडा तोंडात. लायब्ररीमागच्या खोलीत दर शुक्रवारी चार-पाच मुलं प्रार्थनेला जमायची. तिथून जाताना ही मोबाईल कानाला लावायची. कुणाचा फोन नसायचा, मला माहीत होतं.

तिला मैत्रीण मिळाली क्षिप्रा. टेंभी नाक्याची, तोंडाची फटकळ, मनाची लोण्यासारखी. तिने एकदा सॅकमधून पेन काढता काढता मलाच बाहेर काढलं.

"ए, हे काय आहे?"

सुवार्ता गडबडली. "ते... आईची सुविचारांची डबी आहे."

सुविचार! आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी माझ्याच तोंडावर दुसऱ्या नावाने हाक मारली. सुविचार काय, शाळेच्या फळ्यावरही लिहितात आणि दुसऱ्या दिवशी पुसतात. मी झाकण घट्ट मिटून घेतलं, पण ऐकतंय कोण?

"मला एक काढून दे ना यार. व्हायवा आहे, जाम टेन्शन आलंय."

निघालं धीर धरायचं वचन. व्हायवा झकास गेली आणि वर्गात बोभाटा झाला. परीक्षा, भांडण, जुळलेलं आणि तुटलेलं, सगळ्यांसाठी सुवीची डबी. मी काय पोपटवाल्या ज्योतिष्याची पेटी होते? पण सुवार्ता खुलली होती. नव्या कॉलेजात तिला विचारणारी माणसं मिळाली होती, आणि एका पोरीला आणखी काय हवं असतं? ती स्वतःसुद्धा आता उठसूट चिमटा घालायची. मनासारखं निघालं नाही तर दुसरं, नाहीतर तिसरं.

कुणी विचारू नये म्हणून तिने आणखी एक केलं. ज्या सुरळ्यांवर प्रभूचं नाव होतं त्या वेचून काढल्या आणि चष्म्याच्या जुन्या घरात भरून कपाटात दडवल्या. पोट हलकं झालं की बरं वाटतं म्हणतात. मला नाही वाटलं.

सप्टेंबरात क्षिप्राच्या बाबांचं, मधुकाकांचं, हृदयाचं ऑपरेशन ठरलं. ती कँटीनमध्ये आली आणि तिने थेट मलाच उघडलं. चिमट्यातून सुरळी दोनदा निसटली. तिसऱ्यांदा उघडून तिने वाचलं. मी तुला बरं करीन, असं देव म्हणत होता.

"सुवी, बघ! बरं करीन लिहिलंय!"

तेव्हा सुवार्ताने काही बोलायला हवं होतं. तिच्या तोंडापर्यंत काहीतरी आलंही होतं. पण प्रॅक्टिकलची बेल झाली. "बघ, होतील ना बरे," असं म्हणून सुवार्ता पळाली. क्षिप्राने ती सुरळी मोबाईलच्या कव्हरमागे ठेवली.

आठव्या दिवशी मधुकाका गेले.

संध्याकाळी क्षिप्राचा मेसेज आला. "तुझी डबी खोटं बोलली."

सुवार्ताने मला उचललं आणि कचऱ्याच्या डब्यापाशी नेलं. आत नाही टाकलं, झाकणावर ठेवलं. त्या झाकणावरची दहा मिनिटं मी कधी विसरणार नाही. हेमाबाई कणीक मळता मळता बाहेर आल्या.

"देवाने शब्द दिला आणि पाळला नाही," सुवार्ता म्हणाली. "आजपासून मला प्रार्थनेला बोलावू नकोस."

हेमाबाई रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी हात धुतले, चष्मा लावला आणि कपाटावरचं जाडजूड शास्त्र खाली काढलं. "कुठलं वचन निघालेलं?" ऐकून त्यांनी पान शोधलं. "वाच. त्या ओळीच्या आधीपासून वाच."

सुवार्ता वाचायला लागली. एक राजा होता, मरणाला टेकलेला. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि तो खूप रडला. तेव्हा देवाने त्याला, त्या एका माणसाला, बरं करीन म्हणून सांगितलं होतं. सुवार्ता वाचताना थांबली.

"हे चिठ्ठीवर कुठे होतं?"

हेमाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढ्याशा कागदावर मावलं तेवढंच लिहिलं गं मी. वाटलं, उरलेलं तुम्ही उघडून वाचाल. कुणी उघडलंच नाही. मीही कधी सांगितलं नाही."

मी झाकणावर बसून ऐकत होते. म्हणजे दुपारच्या झोपेत मला अर्धवट ऐकू येत नव्हतं तर! माझ्या पोटात खरोखरच अर्ध्या ओळी होत्या.

"मग आता मी क्षिप्राला काय सांगू?"

"सांगायची घाई कशाला? आधी जा तिच्याकडे."

जायला सुवार्ताला चार दिवस लागले. टेंभी नाक्यावर नवरात्राच्या दिव्यांच्या माळा बांधल्या होत्या, माणसांचे लोंढे देवीकडे चालले होते. त्यातून वाट काढत ती मागच्या गल्लीतल्या घरी पोचली. मी सॅकमध्येच होते. आत क्षिप्रा पलंगावर होती, दाराकडे पाठ, भिंतीकडे तोंड.

सुवार्ता उंबऱ्यातच थबकली. मग ती आत जाऊन तिच्या शेजारी बसली, तिनेही तोंड भिंतीकडे केलं. दोघी त्या पोपटी रंगाच्या भिंतीकडे बघत बसल्या. बाहेरचं गाणं लांबून, पाण्याखालून आल्यासारखं येत होतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक, मला तर डुलकी लागली.

"ते सुविचार नव्हते," सुवार्ताच्या आवाजाने मी जागी झाले. "आमच्या शास्त्रातली वचनं होती. मी ख्रिस्ती आहे, हे सांगायची मला लाज वाटत होती."

"माहितीये गं. सुवार्ता नाव, नाताळच्या करंज्यांच्या गोष्टी आणि रोज जेवताना बरोबर डोळ्यात कचरा. आम्ही काय येडे आहोत? तूच लपवत होतीस."

सुवार्ताला हसू आलं आणि लगेच रडूही. मग तिने त्या राजाची गोष्ट सांगितली. क्षिप्रा भिंतीकडे बघतच ऐकत होती.

"मग? झाला बरा?"

"हो. पंधरा वर्षं मिळाली त्याला. मग तोही गेला."

"पंधरा वर्षं," क्षिप्रा म्हणाली. "मला पंधरा दिवस चालले असते."

मी श्वास रोखला. आता ही पोर चेन उघडणार, चिमटा घालणार आणि एखादी गोड सुरळी तिच्या हातात ठेवणार. पण सुवार्ताने सॅकला हातच लावला नाही. "मला याचं उत्तर माहीत नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी मी तुला चिठ्ठी दिली आणि पळाले. तुझ्याजवळ बसायला हवं होतं." आणि तिने क्षिप्राचा हात धरला.

दिवेलागणीला ती उठली. मयताच्या घरून निघताना 'येते' म्हणायचं नसतं, म्हणून तिने गुपचूप चपला घातल्या.

"सुवी," पाठमोऱ्या क्षिप्राने हाक मारली. "येते म्हण ना गं. इतके दिवस बघतेय, सगळे नुसतेच उठून जातात."

सुवार्ताने मागे वळून बघितलं. "येते," ती म्हणाली. "उद्या येते."

आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशी गेली, तेराव्यानंतरही जात राहिली. माझ्या पोटात दोनशे वचनं. पण माणसाने वचन देऊन ते रोज पाळताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता मी सुवार्ताच्या टेबलावर असते. चष्म्याच्या घरातल्या सुरळ्या परत आल्या आहेत. ती रोज एक उघडते, शास्त्रात ती ओळ शोधते, मागचं-पुढचं सगळं वाचते आणि सुरळीच्या पाठीवर पेन्सिलने जागा लिहिते. कधी वाचून खूश होते, कधी देवाशी चक्क भांडते. शुक्रवारी लायब्ररीमागच्या खोलीत जाते. कँटीनमध्ये डोळे नीट मिटते, तोवर क्षिप्रा तिच्या डब्यातली भाजी पळवते.

एक जानेवारीला क्षिप्रा आमच्याकडे आली होती. तिने सुरळी काढली नाही. मोबाईलच्या कव्हरमागची ती जुनी सुरळी काढून माझ्या पोटात ठेवली आणि म्हणाली, "पाठीवर राजाचं पान लिही हं." सुवार्ताने तिथेच लिहिलं. कागद चुरगळलाय, शाई फुटलीय, पण ती सुरळी आता मला सगळ्यांत जड लागते.

तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी डबी असेल. तिच्यातलं काही कुणाला देणार असाल तर जरूर द्या, पण देऊन पळू नका. थोडं बसा, भिंतीकडे बघत बसलात तरी चालेल. ऊन टेबलावर आलंय, सुरळ्यांची कुजबुज सुरू झालीय, माझे डोळे मिटताहेत.

बरं, येते मी.