आडवं नाव

बन्सलजींनी एकतीस मार्चपर्यंतची मुदत दिली होती आणि आज एकतीस मार्च होता.

"महीना हो गया, शिशिरजी," दवाखान्याच्या पायरीवर उभे राहून ते म्हणाले. "फोटो बीच में ही अटक जाती है. शाम को अपना डब्बा उतार लो."

डब्बा म्हणजे गच्चीवरचा माझा पेटीसारखा अँटेना. मला त्यांचा भयंकर राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं.

पिंजौरच्या अलीकडे, कालका रस्त्यालगतच्या उंचवट्यावर एका ट्रस्टचा हा छोटा दवाखाना आहे आणि बन्सलजी त्या ट्रस्टचे अध्यक्ष. इथं एक्स-रे काढायचं मशीन होतं, पण तो नीट वाचणारं कुणी नव्हतं. त्यामुळे खोकणारी, कण्हणारी माणसं फिल्मचं पाकीट काखेत मारून बसनं चंदीगडला जायची आणि पाच मिनिटांच्या कामासाठी अख्खा दिवस घालवायची. इथल्या डॉक्टर सरोज निमसे मूळच्या अकोल्याच्या. २००५ साली बिनतारी इंटरनेट नवंनवं आलं तेव्हा त्यांनीच आमच्या कंपनीला गाठलं. फिल्मचा फोटो काढायचा, तो गच्चीवरच्या चौकोनी पांढऱ्या पेटीतून चंदीगडच्या सेक्टर १७ मधल्या इमारतीवरच्या तशाच पेटीकडे पाठवायचा आणि तिथून शहरातल्या डॉ. चारुदत्त सबनीसांकडे. ते बघून फोन करणार. मध्ये सोळा किलोमीटर अंतर आणि तार एक इंचही नाही.

कागदावर सगळं झकास होतं. प्रत्यक्षात महिनाभर मी दर दोन दिवसांनी गच्चीवर चढत होतो आणि कुणाला ना कुणाला दोष देत होतो. आधी झाडांना दिला, मग मोबाइलच्या टॉवरांना, मग पिंजौरच्या विजेला. आपला दोष सोडून जगातले सगळे दोष मला पाठ होते.

आजही लॅपटॉप मांडीवर घेऊन तेच चाललं होतं. चॅनल बदलला. पॉवर चढवली. अंतराचा आकडा पुन्हा भरला, कारण समोरच्याच्या उत्तराची किती वेळ वाट बघायची हे रेडिओला त्या आकड्यावरून कळतं. सिग्नल उणे अठ्ठ्याऐंशीवर ठाण मांडून बसला होता. हवा होता उणे सत्तर. यात आकडा शून्याकडे जितका सरकेल तितकं बरं, पण हा बेटा हलायला तयार नव्हता.

सरोजताई धापा टाकत वर आल्या. "काहून रे शिशिर, होते का काही? खाली संतोदेवी बसल्या आहेत. पंधरा दिवस ताप आणि खोकला. टीबी आहे की काय, या धास्तीनं त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही."

"बस कितीची आहे?"

"चारची. आता तीन वाजले. आज चंदीगडला गेल्या नाहीत तर उद्या जाणार नाहीत, मी ओळखते त्यांना. गाठोडं बांधून आल्या आहेत बिचाऱ्या."

ताई खाली गेल्या. मी इंद्रजितला फोन लावला. इंद्रजित मोहालीचा, आमचा टॉवरवरचा माणूस. तो सेक्टर १७ च्या गच्चीवर दुसऱ्या पेटीशेजारी उभा होता.

"बोल्ट?"

"कसे हुए हैं जी."

"केबल में पानी?"

"सूखी है. दस बार देख लिया, पाजी."

"तो एक काम कर. समझ मैं अंधा हूँ. जो दिख रहा है, सब बोल."

तो वैतागला, पण सांगू लागला. "सफेद डब्बा है. केबल बाईं तरफ से निकल रही है. कंपनी का नाम लेटा हुआ है, जैसे आपने लगवाया था."

मी मान वर करून माझ्या पेटीकडे पाहिलं. केबल खालून निघत होती. कंपनीचं नाव सरळ, सुबक, कुणालाही वाचता येईल असं होतं.

एक मार्चला उद्घाटन होतं. नारळ फोडला, पेटीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला. सेक्टर २२ मधला फोटोग्राफर पोझ घ्यायला सांगत होता. बन्सलजी म्हणाले, "नाम तो सीधा करो जी, अख़बार में जाएगा." आणि मी, इंजिनिअर माणूस, हसत हसत चार बोल्ट सैल करून पेटी पाव फेरा फिरवली. सिग्नल त्याआधीच तपासून झाला होता, नंतर कोण बघतंय! सेक्टर १७ च्या इमारतीवर इतरांचे सगळे अँटेना उभे होते, त्या गर्दीतून वाट काढायला मी मुद्दाम दोन्ही पेट्या आडव्या, म्हणजे नाव कुशीवर पडेल अशा, लावल्या होत्या. एक उभी आणि एक आडवी झाली की दोघी एकमेकींना जेमतेम ऐकतात. हे इंद्रजितला मीच शिकवलं होतं.

पाना घेतला. पेटी पाव फेरा फिरवली, नाव आडवं झालं आणि आकडा उणे एकोणसत्तरवर आला.

"ओ पाजी!" इंद्रजित फोनमध्ये ओरडला. "क्या किया?"

"क्या किया?" मागूनही तेच आलं. बन्सलजी जिन्याच्या दाराशी उभे होते.

चॅनल बदलला, असं म्हणायला तोंड उघडलंच होतं. कुणाला कळलं नसतं. पण पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा कुणीतरी नाव सरळ केलं असतं आणि पुन्हा कुणी संतोदेवी बाकावर बसून राहिली असती. मी सगळं सांगितलं.

"मतलब पूरा महीना मेरी फोटो के चक्कर में गया?"

"हाथ मेरे थे, बन्सलजी. मुझे पता था. मैंने देखा ही नहीं."

ते पेटीजवळ आले आणि म्हणाले, "इस पर लिखवा दो, हाथ न लगाएँ. मोटे अक्षरों में. मेरे लिए भी."

संतोदेवींच्या फिल्मचा फोटो दोन मिनिटांच्या आत गेला. पावणेचारला डॉ. सबनीसांचा फोन आला. टीबीसारखं काही दिसत नाही, न्यूमोनिया वाटतोय, खात्रीसाठी थुंकी तपासा, पण औषध तिथंच आजच सुरू करा. फोन ठेवताना सरोजताईंचे डोळे भरून आले होते. माझेही आले, कशाला लपवू?

बन्सलजी स्वतः बाकाशी गेले. "माताजी, घर चलो. दवाई यहीं मिलेगी. चंडीगढ़ के डॉक्टर ने देख लिया."

संतोदेवींनी गाठोडं घट्ट धरलं. "पर मैं तो गई ही नहीं."

"जाना नहीं पड़ा."

त्यांना ते पटायला वेळ लागला. रस्त्यावर बस हॉर्न वाजवत आली, थांबली आणि निघून गेली. मग बन्सलजींनी गाठोडं उचलून आपल्या खांद्याला लावलं आणि ते दोघं गावाच्या वाटेला लागले.