सैल स्प्रिंगचा चिमटा

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे. कपडे वाळत घालण्याचा. स्वयंपाकघरात गरम भांडी धरतो तो वेगळा. त्याचे आणि माझे नुसते आडनाव एक.

कारखान्यात लाकडाच्या दोन पट्ट्या एकमेकींना पाठ लावून उभ्या केल्या, मध्ये पोलादी स्प्रिंग बसवली आणि माझा जन्म झाला. तिथून मी एका नवराबायकोच्या छोट्या लाँड्रीत आलो. गच्चीवरच्या दोरीवर मी वर्षानुवर्षे ओल्या चादरी धरल्या. वारा कितीही अंगावर आला, तरी मी तोंड उघडले नाही. "हा लाकडी आहे ना, एकदा धरलं की सोडत नाही," असे घरची बाई कौतुकाने म्हणायची आणि मला मान नसतानाही माझी मान ताठ व्हायची.

पण ऊनपाणी कुणाला चुकले आहे? माझी स्प्रिंग गंजली, मग सैल झाली. एके दिवशी एका गिऱ्हाइकाचा पांढराशुभ्र शर्ट माझ्या तोंडातून निसटला आणि थेट चिखलात पडला. झाले, माझी रवानगी दुकानातल्या टेबलाखालच्या पत्र्याच्या डब्यात झाली. शेजारी तुटकी बटणे आणि एक बिनकिल्लीचे कुलूप. दोरीवर रंगीत प्लॅस्टिकचे चिमटे मिरवू लागले. मला फार वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

या घरात सहा वर्षांची एक मुलगी होती. तिला सगळे मुंगी म्हणत. आईबाबांनी तिला तळहाताच्या फोडासारखे जपले होते आणि नेमके तिथेच घोडे पेंड खात होते. सकाळी लाँड्रीत नुसती धांदल. मुंगी फ्रॉकच्या बटणाला हात लावते न लावते, तोच आई ते लावून मोकळी. बूट बाबा चढवायचे. डब्याचे झाकणसुद्धा कुणीतरी उघडून द्यायचे. मुंगीची बोटे बिचारी आपल्याच घरात पाहुणी होती.

शाळेत मात्र बोटांवाचून चालेना. मुंगी पेन्सिल मुठीत धरायची, सोटा धरावा तशी. टोक मोडायचे, कागद फाटायचा, मनगट दुखून यायचे. संध्याकाळी आई तिचा हात आपल्या हातात घेऊन अक्षरे गिरवून घ्यायची. अक्षर सुरेख यायचे, पण ते आईचे. हात सोडला की पुन्हा गिचमीड. शेवटी शाळेने कळवले, की वर्ष संपेपर्यंत मुंगीला एक ओळ स्वतःहून लिहिता आली नाही, तर तिला लहान वर्गातच ठेवावे लागेल. तिची जिवाभावाची मैत्रीण पुढे जाणार आणि ती मागे राहणार. मुंगी नीट जेवेनाशी झाली.

वर्गातल्या बाईंचे कपडे इस्त्रीला आमच्याकडेच येत. त्या कपडे न्यायला आल्या, तेव्हा आईने विषय काढलाच. डब्यातून मला सगळे ऐकू येत होते.

"रोज पानंच्या पानं गिरवून घेते हो, बाई. पण पालथ्या घड्यावर पाणी."

"तिची बटणं कोण लावतं?" बाईंनी विचारले.

"मीच."

"आणि बूट?"

"तिचे बाबा."

"संत्रं सोलता येतं तिला?"

"मी सोलूनच देते. नाहीतर सगळा रस अंगावर घेते ती."

बाई हसल्या. "मग बोटांत ताकद यायची कुठून? थोडे दिवस पेन्सिल बाजूला ठेवा. पिठाचा गोळा मळू दे तिला, बटणं लावू दे. चिमटे तर तुमच्याकडे ढिगानं आहेत, रोज रुमाल वाळत घालू दे. तुम्ही हात लावायचा नाही पण."

"म्हणजे बाकीची मुलं लिहिणार आणि माझी मुलगी कपडे वाळत घालणार?" आईचा आवाज चढला.

"बोटं तयार झाली की लिहील ती. तुमच्याइतकीच मलाही काळजी आहे तिची," बाई म्हणाल्या आणि कपडे घेऊन गेल्या.

आईला पटले नव्हते, तरी दुसऱ्या दिवशी तिने मुंगीच्या हातात रुमाल दिले आणि मुंगी ते घेऊन गच्चीवर गेली. नवे चिमटे तिला दाद देईनात. तिने दोन्ही मुठी लावल्या, दातसुद्धा लावून पाहिले. शेवटी रडत खाली आली. बाबांनी डोके खाजवले, डबा उपसला आणि मला बाहेर काढले.

"हा घे. म्हातारा झालाय, तुझं ऐकेल."

मुंगीने अंगठा आणि बोट माझ्यावर ठेवले, दाबले, आणि मी उघडलो. ज्या सैलपणापायी मी डब्यात पडलो होतो, तोच तिच्या बोटांना हवा होता. मला इतका आनंद तरुणपणी चादरी धरतानाही झाला नव्हता. मग काय, रुमाल झाले, मोजे झाले. कधी मी मगर व्हायचो आणि जमिनीवरची बटणे वेचून खायचो. मगरीला डोळे हवेत म्हणून एकदा तिने पेन्सिल घेतली. माझी पट्टी अरुंद. तिथे मूठ कशी चालणार? तिने पेन्सिल तीन बोटांत धरली आणि दोन बारीक ठिपके काढले. तिला कुणी शिकवले नव्हते. आई इस्त्री करत होती, बाबा गठ्ठे बांधत होते. फक्त मी पाहिले.

वर्षअखेरीस बाईंनी तिला ओळ लिहायला दिली, तेव्हा मी तिच्या खिशाला लटकलो होतो. पहिले अक्षर ढब्बू, शेवटचे कडेला दाटीवाटीने उभे. बाईंनी ओळ वाचली आणि म्हणाल्या, "चल, पुढच्या वर्गात." आईने घरी तो कागद कितीतरी वेळ पाहिला. अक्षर वाकडे होते, पण मुंगीचे होते. आईचे डोळे भरून आले.

आज दुपारी मुंगीने मला दाबले आणि माझी स्प्रिंग ताडकन उडाली. मी दोन तुकडे होऊन खाली पडलो. मुंगीला रडू फुटले. मला मात्र अभिमान वाटला. जिला साधा चिमटा उघडता येत नव्हता, तिने आज एक मोडला की हो!

"आण, मी बसवते," म्हणत आईने हात पुढे केला.

"मी बसवीन," मुंगी म्हणाली.

इस्त्री तापली होती, दारात गिऱ्हाईक उभे होते. आई तिच्याशेजारी खाली बसली आणि आपले दोन्ही हात तिने मांडीखाली दाबून ठेवले.

मित्रांनो, तुमच्या घरी धाकटे भावंड असेल, तर त्याच्या हातातले बटण, झाकण, पेन्सिल हिसकावून घेऊ नका. त्याला उशीर होऊ द्या. बोटे करूनच शिकतात, दुसरा रस्ता नाही.

स्प्रिंग पुन्हा पुन्हा निसटते आहे. मुंगी जीभ बाहेर काढून ती पुन्हा पुन्हा लावते आहे. मी जमिनीवर पडून वाट पाहतो आहे, आणि मला मुळीच घाई नाही.